लोबानाच्या धुराची किंमत

रोमच्या देवळांत दरवळणारा लोबान झाडांच्या जखमांतून येत असे. आजच्या ओमानमधील धोफार, येमेनमधील हद्रमौत आणि समोरचा सोमाली किनारा या कोरड्या मुलखांत बॉस्वेलिया प्रजातीची झाडे वाढतात. आपल्या सातपुड्यातील साळई त्यांच्याच गोतातली. साल खरवडली की दुधासारखा चीक पाझरतो आणि सुकून त्याचे खडे बनतात. हे खडे देवापुढे व चितेवर जाळले जात, औषधांतही पडत.

इ.स. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी या व्यापाराचा हिशेब देतो. दक्षिण अरबस्तानातील थोम्नापासून गाझापर्यंत उंटांच्या वाटचालीचे ६५ टप्पे होते. वाटेत राजे, पुजारी, पहारेकरी सारेच आपला वाटा घेत. भूमध्य किनारा गाठेपर्यंत प्रत्येक उंटामागे ६८८ दिनार खर्ची पडत. अलेक्झांड्रियाच्या कारखान्यांतून बाहेर पडताना कामगारांना अंगावरचे कपडे उतरवावे लागत.

मात्र मूळ किंमत या हिशेबात नाही. ती त्याच शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत सापडते. भडोचची गलबते जिथे कापड, गहू आणि तिळाचे तेल देऊन लोबान घेत, त्याच किनारपट्टीवर तो वेचणारे लोक राजाचे गुलाम किंवा शिक्षा भोगणारे कैदी होते. रोगट हवेने आणि उपासमारीने ते मरत.

प्लिनी म्हणतो, पोपियाच्या अंत्यविधीत सम्राट नीरोने एका दिवसात जाळलेला सुगंध अरबस्तानच्या वर्षभराच्या पिकाहून अधिक होता. पोपियाचे नाव उरले. त्या कैद्यांपैकी एकाचेही नाव ‘पेरिप्लस’मध्ये नाही.