हृदयविकाराचे जोखीमघटक (यवतमाळ जिल्हा)

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांच्या आतल्या थरात मेद साचून त्या अरुंद होतात. हा थर फाटून गुठळी धरली की झटका येतो. ही शक्यता वाढवणाऱ्या बाबी म्हणजे जोखीमघटक. ५२ देशांतील इंटरहार्ट अभ्यासाने (२००४) तंबाखू, रक्तातील मेदाचा बिघाड, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर व मानसिक ताण यांना त्यांत अग्रस्थान दिले. दक्षिण आशियात पहिला झटका साधारण ५३व्या वर्षी येतो, इतरत्र ५९च्या आसपास.

यवतमाळात यांपैकी सर्वांत कमी मनावर घेतला जाणारा घटक म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू व चुना पन्नीत घोटून तो पानठेल्यावर मिळतो. राज्यात गुटख्यावर २०१२पासून बंदी असली तरी खर्रा घोटला जातोच. लोक त्याचा संबंध तोंडाच्या कर्करोगाशी लावतात, हृदयाशी नाही. बिडी ओढत नाही म्हणून निर्धास्त असलेल्या माणसाच्या गालातूनही निकोटीन थेट रक्तात उतरते आणि नाडी व रक्तदाब वाढवते. इंटरहार्टच्या २००६च्या निष्कर्षांत नुसती तंबाखू चघळणाऱ्यांचा धोका दुपटीहून अधिक आढळला.

शेतातले कष्ट हृदयाला उपकारक खरेच, पण सडपातळ कष्टकऱ्यालाही उच्च रक्तदाब असू शकतो. १४०/९० किंवा त्याहून जास्त दाब असूनही बहुतेकांना काहीच जाणवत नाही, म्हणून तो मोजावाच लागतो. चुलीत जळणाऱ्या पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळक्या झाडांचा) धूर चुलीपुढच्या बाईच्या फुप्फुसांप्रमाणेच तिच्या रोहिण्यांनाही बाधतो. कोरडवाहू कापसाच्या या जिल्ह्यात कर्जाचा घोरही याच यादीत धरायला हवा: इंटरहार्टने मोजलेल्या ताणात पैशाची विवंचना होती.

 

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम ही झटक्याची लक्षणे. त्यांना ‘गॅस’ समजून सोडा पिण्यात मोलाचा वेळ जातो. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या काही तासांतच नीट लागू पडते. जिल्ह्यातल्या उमरखेडहून यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९८९) शंभरेक किलोमीटर दूर आहे. त्यामुळे १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि जवळच्या रुग्णालयात आधी ईसीजी काढून घ्यावा.