नाण्यावर चालणारा हेर

नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ यंत्रांवर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुप्तहेर नायक म्हणून आला आणि पुढची बरीच वर्षे तिथे ठाण मांडून राहिला. त्याच्या आधीच्या नायकांचे काम सरळ असे. अंतराळयानाने शत्रू टिपायचे, पॅकमॅनने ठिपके खायचे आणि भुतांपासून पळायचे. हेराला मात्र लपावेही लागे आणि धावावेही लागे. तो रेंगाळला तर वेळ संपे, घाई केली तर गोळी लागे. या दोन उलट्या गरजा खेळाडूच्या हातात एकाच क्षणी येत आणि त्या ओढाताणीतच या खेळांची सारी गोडी होती.

त्यांच्या वेगाचे मूळ धंद्यात आहे. अमेरिकेत एका डावाला २५ सेंटचे नाणे पडे, जपानात १०० येनचे. यंत्राच्या मालकाची कमाई दिवसभरात पेटीत किती नाणी जमली यावर ठरे. एकच खेळाडू अर्धा तास यंत्र अडवून बसला, तर मागे उभ्या असलेल्यांची नाणी खिशातच राहत. म्हणून नवख्याचा डाव काही मिनिटांत आटोपला पाहिजे, पण हरताना ‘थोडक्यात हुकले, आता जमेल’ असे वाटून त्याचा हात पुन्हा खिशात गेला पाहिजे, हा तोल रचनाकारांना साधावा लागे. जपानच्या तैतो कंपनीच्या १९७८ च्या ‘स्पेस इनव्हेडर्स’मध्ये शत्रू कमी होत जात तसतसे उरलेले अधिक वेगाने सरकत. खेळाडूची सरशी होत असतानाच त्याच्यावरचा ताण वाढे. हेरांच्या खेळांनी हा धडा पक्का गिरवला.

हेराची निवडही सोयीची होती. त्या काळच्या यंत्रांच्या मर्यादेत लांबलचक कथा सांगणे शक्य नव्हते. नायक पाहताक्षणी ओळखू यावा लागे, आणि सूट, पिस्तूल व कागदपत्रांची बॅग एवढ्यावर हेर ओळखू येई. इयन फ्लेमिंगची जेम्स बाँडवरची पहिली कादंबरी १९५३ मध्ये आली, बाँडचा पहिला चित्रपट १९६२ मध्ये. १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’मधली अॅस्टन मार्टिन गाडी पुढून गोळ्या झाडे, मागून तेल सांडे आणि धुराचा पडदा उभा करी. १९७७ च्या ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’मधली लोटस गाडी थेट समुद्रात शिरून पाणबुडी होई. १९८३ या एकाच वर्षात बाँडचे दोन चित्रपट झळकले.  एका बटणाला एक करामत, अशी बाँडची गाडी खेळाच्या रचनाकारांना आयतीच मिळाली.

सेगा कंपनीचा १९८१ चा ‘००५’ हा या वाटेवरचा सुरुवातीचा टप्पा. त्यातल्या हेराला कागदपत्रांची बॅग घेऊन, वाट पाहत थांबलेल्या हेलिकॉप्टरपर्यंत पोचायचे असे. गोदामात शत्रू विजेरी घेऊन फिरत. झोत अंगावर पडण्याआधी खोक्यांच्या आड सरकायचे आणि झोत वळला की पुढचे खोके गाठायचे. लपून खेळायचा पहिला व्हिडिओ गेम म्हणून गिनीजच्या विक्रमांत त्याचे नाव आहे.

लपणे आणि पळणे यांची खरी गाठ १९८३ मध्ये तैतोच्या ‘एलिव्हेटर अॅक्शन’ने घातली. एजंट १७, सांकेतिक नाव ओट्टो, दोरीच्या आधाराने ३० मजली इमारतीच्या गच्चीवर उतरतो. लाल दारांमागची गुप्त कागदपत्रे गोळा करत त्याला तळघरात उभ्या असलेल्या गाडीपर्यंत जायचे असते. वाटेत लिफ्ट आणि सरकते जिने. इतर दारांतून काळ्या सूटमधले शत्रू बाहेर पडतात. एखादी लाल खोली मागे राहिली, तर तळाशी पोचलेल्या हेराला पुन्हा वर धाडले जाते.

या खेळाचे मर्म लिफ्टमध्ये आहे. ओट्टो लिफ्टच्या आत असला, तर ती खेळाडूच्या जॉयस्टिकने वर-खाली होते. तो बाहेर असला, तर ती आपल्या गतीने येते आणि त्याला ताटकळत उभे राहावे लागते. नेमके तेव्हाच शेजारचे दार उघडते. शत्रूची गोळी उंचावरून आली तर खाली बसायचे, खालून आली तर उडी मारायची. शत्रू अगदी जवळ असला तर लाथेनेही काम होते. छताचा दिवा गोळीने पाडला की अंधार होतो आणि शत्रूंना हेर चटकन दिसत नाही. दिवा एखाद्याच्या डोक्यावर पडला तर तोही कामी येतो. लिफ्टखाली शत्रू चिरडता येतो, पण खेळाडू गाफील राहिला तर ओट्टोही तसाच चिरडला जातो. फार वेळ काढला की धोक्याची घंटा वाजते, शत्रू चवताळतात आणि लिफ्ट सुस्त होते. सावधपणाला मुभा असे, मात्र तिची किंमत मोजावी लागे.

त्याच वर्षी अमेरिकेत बॅली मिडवेने ‘स्पाय हंटर’ बाजारात आणला. जॉर्ज गोमेझ आणि टॉम लिऑन हे त्याचे रचनाकार. खेळ जेम्स बाँडच्या नावाने काढायचा विचार होता, पण ते हक्क मिळाले नाहीत. मग ‘पीटर गन’ या जुन्या दूरचित्रवाणी मालिकेची हेन्री मॅन्सिनी यांनी रचलेली धून घेतली गेली. खर्जातली तीच ती सुरावट हेराच्या गाडीच्या वेगाबरोबर वाजत राही आणि बाँडचे नाव नसल्याची उणीव जाणवू देत नसे.

या यंत्राला जॉयस्टिकऐवजी विमानासारखे सुकाणू होते. त्यावर हत्यारांची बटणे, बाजूला गिअरचा दांडा आणि पायाशी अॅक्सिलरेटर. काही यंत्रांत तर गाडीसारखे आत बसता येई. रस्ता वरून दिसे आणि गाडी पडद्यावर वरच्या दिशेने धावे. शत्रूंच्या गाड्या नाना तऱ्हेच्या. स्विचब्लेड गाडीच्या चाकांतून पाती बाहेर येऊन टायर फाडत. रोड लॉर्डवर गोळी चालत नसे, म्हणून त्याला धक्के देत रस्त्याबाहेर लोटावे लागे. एन्फोर्सरमधला बंदूकधारी गोळ्या झाडी आणि आकाशातून हेलिकॉप्टर बाँब टाकी. हेलिकॉप्टर पाडायला क्षेपणास्त्र लागे.

तेल, धूर आणि क्षेपणास्त्रे हेराच्या मदतीला येणाऱ्या ट्रकमधून मिळत. ट्रकच्या मागची फळी खाली येई आणि धावत्या गाडीने तिच्यावरून बरोबर मधोमध आत शिरायचे असे. त्यासाठी क्षणभर वेग आवरावा लागे आणि शत्रूंकडे पाठ करावी लागे. पण ते जमले की काही क्षणांत नव्या हत्यारासह गाडी रस्त्यावर परते. वाट फुटेल तिथे बोटघरातून गेले की गाडीची बोट होई आणि पाठलाग पाण्यावर चाले. रस्त्यावर निरपराध वाहनेही असत. त्यांपैकी एखादे उडवले की काही काळ गुण मिळणे थांबे. त्यामुळे भरवेगात असतानाही बटणावरचे बोट आवरण्याची शिस्त लागे. सुरुवातीला ९९९ पासून उलटी मोजणी चाले आणि ती संपेपर्यंत कितीही गाड्या फुटल्या तरी नवी मिळे. नवख्याला रस्त्याची ओळख होण्यापुरती ही सवलत होती. या रस्त्याला शेवट नव्हता. पाठलाग हेच या खेळाचे सर्वस्व होते.

१९८६ मध्ये नामकोच्या ‘रोलिंग थंडर’ने हेराला पुन्हा पायी आणले. १९६० च्या दशकातले न्यूयॉर्क, गेल्ड्रा ही गुप्त संघटना आणि लैला या सहकारी हेराला सोडवायला निघालेला सडपातळ एजंट अल्बाट्रॉस. बुरखाधारी शत्रूंचे पोशाख वेगवेगळ्या रंगांचे असत आणि कोणता कसा वागतो हे रंगावरून कळे. कठडा ओलांडून वरच्या-खालच्या मजल्यांवर उडी घेता येई, दारामागे दडता येई. गोळ्या मोजक्याच असत. त्या संपल्या की पिस्तुलातून एकेक मंद गोळी सुटे, म्हणून गोळ्यांचे साठे असलेली दारे लक्षात ठेवावी लागत. वरून घड्याळ चालूच असे. डेटा ईस्टच्या १९८९ च्या ‘स्लाय स्पाय’ने मात्र सावधपणा बाजूला ठेवला आणि विविधतेवर भर दिला. विमानातून उडी घेताच हवेतच झुंज, मग मोटारसायकल, मग पाण्याखाली शार्क, आणि वाटेत सोनेरी बंदुकीचे सुटे भाग गोळा करायचे. जणू अख्खा बाँडपट काही मिनिटांत उरकायचा.

लपण्याला खरी सवड मिळाली ती घरच्या यंत्रांवर. कोनामीच्या हिदेओ कोजिमा यांचा ‘मेटल गिअर’ १९८७ मध्ये एमएसएक्स२ या घरगुती संगणकावर आला. तिथे नाणे नव्हते आणि मागे रांगही नव्हती. पहारेकऱ्याची पाठ वळेपर्यंत खुशाल थांबता येई. पुढे १९९७ मध्ये ‘गोल्डनआय ००७’ने बाँडलाही घरच्या पडद्यावर स्थिर केले.

आर्केडने, म्हणजे नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांनी, मात्र आपली जुनी ओढाताण सोडली नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यावर आलेल्या नामकोच्या ‘टाइम क्रायसिस’मध्ये खेळाडूच्या हातात बंदूक आणि पायाखाली पेडल आले. पेडल दाबले की एजंट रिचर्ड मिलर आडोशातून बाहेर येऊन गोळ्या झाडतो. पाय उचलला की तो आड होतो आणि बंदूक भरून घेतो. घड्याळ मात्र दोन्ही वेळा पळतच असते. लिफ्टपाशी ताटकळणाऱ्या ओट्टोची आणि ट्रकमागे वेग आवरणाऱ्या गाडीची कोंडी इथे एका पेडलवर आली. २०१५ च्या पाचव्या भागात पेडले दोन झाली. डावे दाबले तर हेर आडोशाच्या डाव्या बाजूने बाहेर येतो, उजवे दाबले तर उजव्या बाजूने. शत्रू कोणत्या बाजूने गाठायचा याचा निर्णयही आता पायाकडे आला, आणि तोही घड्याळ संपण्याआधीच घ्यावा लागतो.