कोवळ्या ओढीची गोष्ट

मुलांच्या हाती पुस्तक देताना आमच्या घरांत आधी विचारले जाई, 'यात तसले काही नाही ना?' या प्रश्नाला मोठा इतिहास आहे.

डेप्युटी नझीर अहमद यांनी आपल्या मुलींना वाचायला काही हवे म्हणून 'मिरातुल उरूस' लिहिले. १८६९ मध्ये ते छापले गेले. सरकारने एक हजार रुपयांचे इनामही दिले. अकबरी-असगरी या बहिणींच्या त्या गोष्टीत संसार आहे, तालीम आहे, काटकसर आहे. मनाची हळवी ओढ नाही. १८७०च्या दशकातील 'तौबतुन्नसूह'मध्ये तर बाप थोरल्या मुलाची पुस्तके जाळून टाकतो. हेतू समाजसुधारणेचा होता, हे आम्ही मानतो. पण पुस्तकातून काढलेली गोष्ट मुलांच्या मनातून निघाली नाही.

इस्मत चुगताईंनी १९४०च्या दशकात 'टेढी लकीर'मध्ये हे ओळखले. त्यांच्या शम्मनचा शाळेतल्या बाईंवर जीव जडतो. मराठीत २००४ मध्ये मिलिंद बोकील यांची 'शाळा' आली. आणीबाणीच्या काळातला नववीचा मुकुंद आणि वर्गातली शिरोडकर. दोन्ही कादंबऱ्या मोठ्यांसाठी लिहिलेल्या. तरी 'शाळा'तून बालसाहित्याने घ्यावे असे पुष्कळ आहे. मुकुंदला जेवढे कळते तेवढेच लेखक सांगतो. शिरोडकर गाव सोडून जाते, आणि मुलगा थोडा मोठा होतो.

सहावी-सातवीच्या वाचकाला याहूनही कमी पुरते. वही मागायचे निमित्त, नाव निघताच तापलेले कान, सुट्टी लागल्यावर वाटणारी हुरहुर. वचने, बंड, निकाह हे सारे मोठ्यांचे. ते मुलांच्या गोष्टीत आणले की निरागसता संपते.

आमच्या मुलांना मात्र हीही गोष्ट मिळालेली नाही. मराठी बालकथेतला मुसलमान मुलगा बहुधा ईदचा शीरखुर्मा घेऊन येतो, एकोप्याचा धडा देतो आणि निघून जातो. त्याला शेजारच्या बाकावरची मुलगी आवडली असे लिहायचे म्हटले, तर आज लेखणी अडखळते. तो बारा वर्षांचा पोरगा आहे हे दिसण्याआधी त्याचे नाव दिसते. दोन्हीकडचे मोठे लगेच धावून येतात.

म्हणूनच ही गोष्ट आम्हीच लिहायला हवी. कुणाचे कान तापले, एवढ्यावरून कुणी गुन्हेगार ठरत नाही, हे मुलांनी पुस्तकात वाचले तर मोठेपणी विसरणार नाहीत.