गोमंतकांतील तावेर्न : एक लुप्तप्राय संस्था

देवळांच्या सनदा, वतनांचे तंटे व लढायांचीं पत्रें आमच्या दफ्तरांत विपुल सांपडतात. परंतु गांवची माणसें दिवसाचें काम आटोपून जेथें बसत, त्या जागेचा कागद बहुधा मिळत नाहीं. गोमंतकांतील गांवोगांवचें मद्यगृह, म्हणजे तेथील बोलींतील 'तावेर्न', ही अशीच एक संस्था होय. ती आमच्या डोळ्यांदेखत नाहींशी होत असल्यामुळें तिच्याविषयीं जें निश्चित सांगतां येतें व जें आम्हांस आठवतें, तें येथें नमूद करून ठेवीत आहों.

तावेर्न हा शब्द पोर्तुगीजांतून आला. त्याचें मूळ लॅटिन 'ताबेर्ना', म्हणजे खोपटें किंवा दुकान. वस्तु मात्र या देशांत पोर्तुगीजांहून फार जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाचें स्वतंत्र प्रकरण असून पानगृहांत निरनिराळ्या खोल्या, आसनें, शय्या, फुलें, सुगंध व पाणी यांची सोय असावी असें सांगितलें आहे. माडाच्या रसाला कोंकणींत 'सूर' म्हणतात. तें संस्कृत 'सुरा' शब्दाचेंच रूप. मनुस्मृतींत सुरेचे गौडी, पैष्टी व माध्वी असे तीन प्रकार आहेत. त्यांत माडाचा रस नाहीं. म्हणजे शब्द टिकला, पदार्थ बदलला.

सिमांव बोतेल्यु यानें १५५४ सालीं तयार केलेल्या जमाबंदीच्या 'तोंबो'त या रसाच्या तीन अवस्था दिल्या आहेत : उतरल्याबरोबरची सूर, एकदां उकळून काढलेला उर्राक, व दोन-तीनदां काढलेला त्याहून तीव्र 'शारांव'. काजूचें झाड पोर्तुगीजांनीं ब्राझीलहून आणलें. काजूची फेणी त्यामागून आली. माड काढणाऱ्यास गोमंतकांत 'रेंदेर' म्हणतात. पोर्तुगीजांत 'रेंदेरु' म्हणजे उत्पन्नाचा मक्ता घेणारा. धंद्याचें नांवसुद्धां करावरून पडलें, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें.

पुढें २६ डिसेंबर १८७८ रोजीं इंग्रज व पोर्तुगीज यांच्यांत लिस्बन येथें तह झाला. त्यानें शेजारच्या मुंबई इलाख्यांतील आबकारीची पद्धति गोमंतकांत लागू झाली, मिठाचा मक्ता इंग्रजांकडे गेला, व पोर्तुगीजांस सालीना चार लाख रुपये मिळूं लागले. १८९२ सालीं तह संपुष्टांत आला. तात्पर्य, मद्याची नोंद झाली ती खजिन्याच्या हातून. किती झाडें व किती कर हें त्यावरून कळतें. तेथें कोण बसे व काय बोले, हें कळत नाहीं.

ती दुसरी बाजू सांगावयाची तर आठवणीचाच आधार. १९६१ नंतरच्या पहिल्या दशकांत, बार्देशांतील आमच्या गांवीं, एक विधवा बाई आपल्या घराच्या दर्शनी खोलींत तावेर्न चालवीत असे. अर्धें दार, फळीवर वेताच्या विणींतील मोठीं कांचेचीं भांडीं, मापाचे लहान पेले. शिवाय घासलेट, मेणबत्त्या व उकडलेलीं अंडीं. आम्ही तेथें कधीं प्यालों नाहीं. सर्दीवर छातीस चोळावयास फेणी हवी म्हणून आई बाटली देऊन पाठवी. आम्हांस अक्षर येतें हें कळल्यावर मात्र बाई आम्हांस सोप्यावर बसवून घेई, आणि बोटीवर गेलेल्या तारवट्यांचीं व मुंबईच्या कुडांत राहणाऱ्या मुलांचीं पत्रें आम्ही त्यांच्या बापांस वाचून दाखवीत असूं. पैसे आल्याची वार्ता असली कीं बाई उधारीची वही उघडून रेघा खोडी.

एके दिवशीं वाचतां वाचतां आम्ही अडखळलों. बोटीवरील मुलगा वारल्याचें पत्र होतें. "वाच रे पुता," असें तो म्हातारा म्हणाला, आणि आम्हीं शेवटपर्यंत वाचलें. बाईनें अर्धें दार ओढून घेतलें, वहींतील त्याचें पान फाडून चुलींत घातलें, व त्या सायंकाळीं कोणाकडूनही पैसे घेतले नाहींत.

पुढें पर्यटन वाढलें. बाटलीबंद बिअर विकणारे बार आले. रेंदेर कमी झाले. कुटुंबें परदेशीं गेलीं. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ च्या निकालान्वयें १ एप्रिल २०१७ पासून महामार्गांलगतची मद्यविक्री बंद झाली. निर्बंध नंतर बराच शिथिल झाला, परंतु आमच्या माहितीचीं दोन दुकानें तेव्हां मिटलीं तीं पुन्हां उघडलीं नाहींत. काजूच्या फेणीस २००९ सालीं भौगोलिक निर्देशांक मिळाला व २०१६ सालीं राज्य सरकारनें फेणीस वारशाचा मान दिला. पेयाचा गौरव झाला. घराचें दार लागलें.

बाईच्या नातवानें ती वही आमच्या स्वाधीन केली आहे. आरंभीं व शेवटीं वाळवी लागलेली. मध्यें एक पान मुळाशीं फाटलेलें. कोणीही संग्राहक तें पान 'गहाळ' असेंच नोंदवील, व त्याचें चुकलें असें म्हणतां येणार नाहीं. ज्यांच्या गांवीं अशीं घरें अद्याप आहेत त्यांनीं वह्या, परवाने व मापें तर मिळवावींतच. परंतु त्यापूर्वीं तेथील वृद्धांस गांठून कोणतें पान कां फाटलें तें विचारून ठेवावें, एवढीच आमची विनंती आहे.