सहा डझनी पेटीतला सेलेरॉन

रत्नागिरीच्या इतिहासावर लिहायचं म्हटलं की लोक टिळकांच्या जन्मघरापाशी जाऊन उभे राहतात, नाहीतर थिबा राजाच्या राजवाड्याकडे वळतात. इंग्रजांनी १८८५ साली ब्रह्मदेशच्या ह्या राजाला गादीवरून उतरवलं, मग इथे आणून ठेवलं, १९१० साली राजवाडा बांधून दिला आणि १९१६ साली तो इथेच वारला. ह्यात मी भर घालावी असं काही उरलेलं नाही. मी सांगणार आहे तो इतिहास सेलेरॉन ३००ए नावाच्या एका स्वस्त चिपचा. ती आमच्या दादाच्या माजघरात नांदली आणि तिच्यापायी एका हंगामाच्या आंब्याचे पैसे पणाला लागले.

इंटेल कंपनीने पहिला सेलेरॉन एप्रिल १९९८ मध्ये आणला. गरिबांचा पेंटियमच म्हणा ना! स्वस्त करायचा म्हणून त्यातली दुय्यम कॅश मेमरी काढून टाकली होती. म्हणजे सुगरणीच्या हाताशी मिसळणाचा डबाच नाही. चिमूटभर मोहरी लागली की धाव वाण्याकडे. लोकांनी नाकं मुरडली. तेव्हा ऑगस्टमध्ये कंपनीने सुधारून ३००ए काढला. डबा छोटा, १२८ किलोबाइटचा, पण चिपच्या पोटातच आणि चिपच्याच वेगाने चालणारा. थोरल्या पेंटियम टूचा डबा ५१२ चा, पण तो फडताळात आणि निम्म्या वेगाचा. ३०० मेगाहर्ट्‌झच्या ह्या धाकट्याचा घाऊक भाव १४९ डॉलर, आणि त्याच सुमारास आलेल्या ४५० च्या थोरल्याचा ६६९.

गंमत अशी की ह्या धाकट्यांपैकी पुष्कळसे ४५० ने बिनतक्रार पळायचे. कारखान्यात चिपा उत्तम उतरत होत्या, पण बाजाराला स्वस्त माल हवा होता. मग चांगल्यावरच ३०० चा शिक्का बसायचा.

हे माझा पुतण्या विन्या दादाला १९९९ साली समजावून सांगत होता. विन्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, त्याच्या प्रोजेक्टचं गणित सुटायला रात्र रात्र लागायची. दादा पडवीत पेंढ्यावर हापूस लावत बसलेला.

"म्हणजे चार डझनी पेटीतलं फळ सहा डझनीत भरलंय म्हण की," दादा म्हणाला.

मी संगणकावरची जाडजूड पुस्तकं चाळली आहेत. एवढा स्वच्छ खुलासा एकातही नाही. चार डझनी पेटीतलं फळ मोठं आणि महाग, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं.

आता हा वेग वाढवायचा कसा? आरतीत झांजवाला लय धरतो आणि मंडळी टाळ्या पिटतात, तशी चिप मदरबोर्डाच्या ठेक्यावर चालते. ठेका ६६ चा, चिप त्याच्या साडेचारपट, झाले ३००. शिक्के बदलून माल विकणारे भामटे मातले होते म्हणून कंपनीने ते साडेचारचं प्रमाण कुलूपबंद केलं. पण झांजवाला मोकळाच राहिला! त्याला १०० चा ठेका धरायला लावला की चारशेपन्नास. त्यासाठी कोणी चिपच्या 'बी २१' ह्या टाचणीएवढ्या पट्टीवर चिकटपट्टी लावत, कोणी नखांचं क्यूटेक्स. विन्याने वहिनीची बाटली पळवली.

ठेका वाढला की ताप वाढतो. वेग दीडपट आणि वीज २ च्या जागी २.२ व्होल्ट, की उष्णता सुमारे १.८ पट. तरी ४५० ला बरा पंखा पुरत असे. पण विन्याला ११२ चा ठेका धरून ५०४ गाठायचे होते, आणि त्यासाठी पाणी. परदेशातली पोरं त्या काळी मोडीतल्या मोटारींच्या हीटरचं जाळं काढून त्यातून पाणी खेळवत. रत्नागिरीत मोटारीला हीटर कोण बसवणार? विन्याने तांबटाकडून तांब्याची पोकळ डबी करून घेतली, माशांच्या पेटीचा पंप आणला आणि खाली वहिनीची धुण्याची बादली ठेवली. तत्त्व नवं नव्हे. आंबा घाटात तापलेल्या ट्रकला ड्रायव्हर पाणी पाजतो, तेच.

पण पाणी झालं तरी भोवतालच्या हवेहून गार होत नाही. माठासारखं झिरपवून गार करावं, तर त्याला नागपूरची कोरडी हवा लागते. आमच्याकडे पावसाळ्यात धोतर चार दिवस वाळत नाही, तिथे माठाची काय कथा! तेव्हा विन्याने मिरकरवाड्याच्या बंदरावरून मासळीचा बर्फ आणायचं ठरवलं. सायकल काढलीसुद्धा.

वहिनीने त्याला काही विचारलं नाही. गार पाण्याने भरलेला स्टीलचा तांब्या तेवढा त्याच्यापुढे ठेवला. मे महिना. दोन मिनिटांत तांब्याला बाहेरून घाम फुटला आणि खाली ओघळ आला.

"तुझ्या त्या नळ्यांना नाही का हो असाच घाम फुटणार? आणि खाली विजेचा पसारा," ती म्हणाली.

विन्याने सायकल ठेवली. थेंब बोर्डावर पडता तर चिप, बोर्ड, प्रोजेक्ट आणि दादाच्या त्या साठ पेट्या एकदम गेल्या असत्या.

साध्या पाण्यावर ५०४ ने यंत्र तासभर पळे आणि मग पडदा गोठून बसे. विन्या निमूट ४५० वर उतरला. त्यावर प्रोजेक्ट वेळेत झाला, पुढे चार वर्षं दादाचे हिशेबही झाले. बादली वहिनीने परत नेली.

२०१९ साली पुण्याच्या आयसर संस्थेत 'परम ब्रह्म' हा महासंगणक बसला, तोही पाण्यावर गार होतो. आणि हल्लीच्या चिपा गरजेप्रमाणे आपला वेग आपणच वाढवतात. ज्याला कुलूप न लावलेली चिप हवी, त्याला इंटेल नावाच्या शेवटी 'के' लावून ती वेगळी विकते, आणि भाव सहसा चढाच असतो. विन्याने हे फोनवर सांगितलं तेव्हा दादा पेटीला सुतळी बांधत होता.

"अखेर दलालाला कळलं म्हणायचं," तो म्हणाला, आणि पुढली पेटी ओढली.