शिक्कामोर्तब आणि कचेरीतील सामाईक फाईल

'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण 'अंतिम मान्यता' ह्या अर्थाने सहज वापरतो. पण मुळात शिक्का आणि मोर्तब ह्या दोन निराळ्या मुद्रा. शिवकालीन राजपत्राच्या माथ्यावर शिक्का उमटे आणि मजकूर संपताच मोर्तब होई. पत्र कोणाचे, हे शिक्का सांगे. लेखन येथे संपले, यापुढे कोणी अक्षर वाढवू नये, हे मोर्तब सांगे. पेशवाईतील पत्रांच्या अखेरीस दिसणारी 'लेखनसीमा' हीच मर्यादा दाखवते. कागद चिकटवून लांबवलेला असल्यास पाठीमागे जोडावरही शिक्का मारीत. हेतू हा की मधला तुकडा बदलता येऊ नये.

म्हणजे पत्र वाचण्यास खुले, लिहिण्यास बंद. दुरुस्ती कोणी करायची हेही ठरलेले होते. १६७४ च्या राज्याभिषेकानंतरच्या अष्टप्रधानांत राजपत्रांतील अधिकउणे शुद्ध करण्याची जबाबदारी सचिवाकडे, म्हणजेच सुरनिसाकडे होती.

आजच्या कचेरीतील सामाईक फाईल मात्र ज्याने उघडली त्याच्या हाती लेखणी देऊनच उघडते. माझ्या पाहण्यातील एका कार्यालयात निवृत्तिवेतनधारकांच्या तक्त्यातील एकच रकाना कोणीतरी अकारविल्हे लावला. नावे हलली, रकमा जागीच राहिल्या. एकीचे कुटुंबनिवृत्तिवेतन दुसरीच्या नावापुढे गेले. हे कोणी केले ते उमगले नाही. बहुधा करणाऱ्यालाही आपण काही केल्याचे कळले नसावे.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला ह्यात खर्चाची विषम वाटणी दिसते. फाईल उघडणाऱ्यांपैकी बहुतेकांना केवळ वाचायचे असते. ती मुळात 'केवळ वाचनासाठी' उघडली, तर लिहिणाऱ्या दोघाचौघांना एक कळ अधिक दाबावी लागेल. उलट व्यवस्थेत चुकीचा भार तिसऱ्याच माणसावर पडतो. रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन यांनी २००८ च्या 'नज' ह्या ग्रंथात हेच मांडले, की मुळातली निवड जी ठेवावी तीच बहुतेक जण स्वीकारतात. केंद्र शासनाच्या ई-ऑफिस प्रणालीत पिवळी टिपणी कच्ची असते, तोवर ती बदलता येते. हिरवी होऊन पुढे गेली की खोडता येत नाही, मतभेद असल्यास नवी टिपणी लिहावी लागते.

ह्याचे सर्वांत परिचित उदाहरण आपला सातबारा. परदेशात बसून गावचा उतारा संगणकावर उघडणाऱ्या वाचकाला तो पाहता येतो, त्यात काना-मात्राही बदलता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार बदल आधी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये नोंदवावा लागतो. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकती ऐकल्या जातात, नोंद प्रमाणित होते, आणि मगच सातबारा बदलतो. सध्या मी राहतो त्या जयपूरच्या मानसरोवर वसाहतीत ह्या गोष्टींची नावे निराळी. येथे सातबाऱ्याच्या जागी जमाबंदी आणि फेरफाराला नामांतरकरण. तत्त्व तेच.

आक्षेप असा की कुलूप लावले की लोक आपापल्या प्रती काढतात, आणि 'अंतिम', 'अंतिम-२', 'खरोखर अंतिम' अशा फायलींचा सुळसुळाट होतो. आक्षेप खरा आहे. दुरुस्तीची वाट अवघड असली तर बंद फाईलमधील चूक चिरंजीव होते. महसूल संहितेने म्हणूनच कलम १५५ मध्ये लेखनप्रमादाच्या दुरुस्तीची स्वतंत्र वाट ठेवली. कचेरीतही फाईल बंद ठेवताना तिच्या पहिल्याच पानावर लिहावे, की दुरुस्ती कोणाकडे मागायची आणि ती किती दिवसांत होईल. सुरनीस कोण हे ठाऊक नसेल, तर नुसत्या मोर्तबाने दफ्तर शुद्ध राहत नाही.