ठासणीची बंदूक आणि कोकणची हवा

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कसाल गांवापाशीं मालवणचा फांटा फुटतो. त्या वाटेनें समुद्र गांठला म्हणजे १६६४ ते १६६७ या काळांत उभा राहिलेला सिंधुदुर्ग दिसतो. त्याच्या तटाबुरुजांचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. पण तटावरच्या तोफा व बंदुका ज्या दारूवर चालत, तिची विचारपूस क्वचितच होते. ‘दारू’ या फारसी शब्दाचा एक मूळ अर्थ औषध असा आहे. औषध जसें प्रकृति पाहून, तशी दारू हत्यार पाहून द्यावी लागे.

सोरा, गंधक आणि कोळसा हीं तिचीं द्रव्यें. त्यांत सोऱ्याचा वांटा सर्वांत मोठा. पावसानें धुतलेल्या कोकणच्या मातींत सोरा सांपडण्याजोगा नव्हता. त्याची मोठी पेठ दूर बिहारांत होती. कोळसा हलक्या लांकडाचा लागे, आणि आपल्याकडे तुरीच्या काट्यांचा व रुईचा कोळसा त्या कामीं नांवाजलेला होता. खरी अडचण हवेची. शुद्ध सोरा फारशी ओल धरीत नाहीं. पण त्यांत मीठ व इतर क्षार राहिले कीं तो भरभर ओल ओढतो. म्हणून सोरा कढवून, थंड करून, त्याचे स्फटिक पुन्हा पुन्हा पाडणें हें कारागिराचें मुख्य काम. ज्या किनाऱ्यावर चार महिने पाऊस कोसळतो, तेथें या कामांतली हयगय ऐन लढाईंत दिसून येई.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत या चिंतेचें उत्तम प्रतिबिंब आहे. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, त्यास ओल लागूं नये, आणि आठ-पंधरा दिवसांनीं हवालदारानें दारू बाहेर काढून ऊन द्यावें, अशी त्यांत ताकीद आहे. आगीचें भयही खोटें नव्हतें. १६५७ सालीं औरंगजेबानें बीदरला वेढा घातला असतां ठिणगी पडून किल्ल्यांतील दारू पेटली व किल्लेदार सिद्दी मर्जान प्राणघातक भाजला.

याहून सूक्ष्म प्रश्न निवडीचा. कुटलेली भुकटी प्रवासांत हेलकावे खाऊन निवळे व तिचीं द्रव्यें वेगळीं होत. पंधराव्या शतकांत युरोपांत ती भिजवून तिचे दाणे पाडूं लागले, आणि दाण्याचा आकार हाच निवडीचा गाभा ठरला. दाणा मोठा असला तर दारू सावकाश जळते, बारीक असला तर झटकन. तोफेच्या जड गोळ्यास मोठा दाणा हवा. बारीक दारू घातली तर गोळा हलण्यापूर्वींच दाब वाढून तोफ फुटण्याचा धोका. पिस्तुलाची नळी आंखूड. गोळी बाहेर पडण्याआधीं सारी दारू जळली पाहिजे, म्हणून तिला बारीक दाणा. बंदुकीच्या कानाशीं घालावयाची रंजक तर त्याहूनही बारीक. शेजारीं गोव्यांत पोर्तुगीजांनीं पणेली येथें दारूचा कारखाना चालविला होता. तो धंदा किती मोलाचा होता हें त्यावरून दिसतें.

१८८४ सालीं पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञानें बिनधुराची दारू सिद्ध केली, आणि जुना हिशेब उलटला. (हिंदुस्थानांत स्फोटकांचा कायदाही त्याच सालचा, परवान्यावांचून दारू करणें गुन्हा आहे.) नवी दारू वजनानें थोडी पुरते; तिचा दाब काळ्या दारूच्या मापानें मोजतां येत नाहीं. पिस्तुलाचीं काडतुसें स्वतः भरणारे परदेशांतील हौशी नेमबाज आजही कारखान्याच्या कोष्टकावांचून चिमूटभर दारू घालीत नाहींत, तें यामुळेंच. कोकणांत रानडुकरांपासून शेत राखण्यासाठीं परवान्यानें ठासणीच्या बंदुका बाळगणारे शेतकरी आजही आहेत. त्या नळ्या काळ्या दारूसाठीं घडलेल्या; त्यांत बिनधुराची दारू ठासली तर नळी हातांत फुटते.